माख्नोची शेतकरी फौज : दगा झाला म्हणून संपली, की तशीही संपलीच असती?

वाटसरू

रशियातल्या यादवीवर मराठीत काही वाचायला घेतलं की लाल (बोल्शेविक) विरुद्ध पांढरे (त्यांचे विरोधक) एवढंच हाती लागतं. दक्षिण युक्रेनच्या गवताळ माळावर तिसरा पक्ष तीन वर्षं दोघांशीही लढत होता, त्याचं नावही सहसा येत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेस्तोर माख्नो, जन्म १८८८, गाव हुल्यायपोले. बाप तान्हेपणीच गेला. पोरगा सातव्या वर्षापासून ढोरं राखायला, मग जर्मन वसाहतवाल्यांच्या शेतावर राबायला, मग ओतकामाच्या कारखान्यात. १९०५ च्या क्रांतीनंतर गावातल्या अराज्यवादी (सरकारच नको म्हणणाऱ्या) पोरांत सामील झाला. १९१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, पण वय कमी म्हणून जन्मठेपेवर निभावलं. मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात क्षय जडला आणि प्योत्र अर्शिनोव्हसारखा शिकवणारा सोबती भेटला. झार गेल्यावर मार्च १९१७ मध्ये सुटला आणि तडक गावी परतला. त्या वर्षाच्या शरदापर्यंत हुल्यायपोलेच्या शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. स्वतः कसता येईल तेवढी जमीन आणि जनावरं मात्र जमीनदारालाही ठेवली, ही गोष्ट मला फार आवडते.

१९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह झाला. जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा युक्रेनमध्ये आल्या, त्यांच्या आधाराने हेटमन (युक्रेनचा प्रमुख) स्कोरोपाद्स्की गादीवर बसला, जमीनदार परतले आणि गावोगाव फटके सुरू झाले. त्यातून उठाव पेटला. पुढे लाल सैन्याशी दोन मोठे करार झाले, १९१९ च्या फेब्रुवारीत आणि १९२० च्या ऑक्टोबरात. दोन्ही वेळा पांढऱ्यांचा धोका होता तोवर माख्नो 'कॉम्रेड', आणि धोका टळला की 'डाकू'. पांढऱ्यांचा सेनापती व्रांगेल याला क्रिमियातून हाकललं आणि लगेच २६ नोव्हेंबर १९२० ला हुल्यायपोलेवर लाल सैन्य चाल करून गेलं.

माझं मत सरळ आहे. या लोकांनी सरकारशिवाय गावं चालवून दाखवली. मागून सुरा बसला नसता तर प्रयोग टिकला असता. तुम्हाला काय वाटतं?

पॉपकॉर्नवाला

पहिली खुर्ची माझी. येऊ द्या.

तिरकस

सरकार नाही, प्रमुख नाही, सगळे निर्णय सभेत. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच असते, फक्त मशीनगन नसते म्हणून लवकर आटोपते. हलकं घ्या.

वाटसरू

@तिरकस, हसा, पण सभा खरंच भरत होत्या. १९१९ च्या जानेवारी, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये तीन प्रादेशिक परिषदा झाल्या. १० एप्रिलच्या तिसऱ्या परिषदेला ७२ व्होलोस्तांचे (महसुली मंडळासारखा भाग) प्रतिनिधी होते. लाल सेनापती दिबेन्कोने तार करून ती प्रतिक्रांतिकारक ठरवली. त्यावर परिषदेने त्याला लांबलचक उत्तर लिहून पाठवलं : आमचं रक्त सांडत होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात, असा सूर. जूनची चौथी परिषद लाल सैन्याचा प्रमुख त्रोत्स्की याने भरूच दिली नाही. बंदी घातली आणि जाणारा प्रत्येक जण गुन्हेगार असं जाहीर केलं.

रणगाडा

धाग्यात लष्करी बाजू नाही हे चालणार नाही, म्हणून लिहितो.

माख्नोचं खरं हत्यार तचांका. तचांका म्हणजे स्प्रिंगवाली हलकी घोडागाडी, मागच्या बाजूला तोंड करून बसवलेली मॅक्सिम मशीनगन, पुढे तीन किंवा चार घोडे. स्प्रिंग असल्यामुळे माळावर धावतानाही गाडी फार हादरत नाही. पळ काढताना पाठलागावर असलेल्यावर गोळीबार चालूच राहतो. पायदळही गाड्यांत बसवून न्यायचे, त्यामुळे पायदळाचा वेग घोडदळाइतका. थकलेले घोडे पुढच्या गावात बदलून घ्यायचे. फौजेचा आकडा विचारू नका, १९१९ च्या शरदात चाळीस हजारांपासून लाखापर्यंत अंदाज आहेत.

आता पेरेगोनोव्का, २६ सप्टेंबर १९१९. त्याआधीचे काही आठवडे पांढऱ्यांचा सेनापती देनिकिन याच्या सैन्याने यांना पश्चिमेकडे उमानपर्यंत रेटत नेलं होतं. सोबत हजारो जखमी. पलीकडे युक्रेनी राष्ट्रवादी पेतल्युराची फौज, म्हणजे जागा संपली होती. तिथून हे लोक उलटले, पाठलागावरच्या पलटणी फोडल्या आणि मोकळ्या माळावरून पूर्वेकडे सुसाट निघाले. दोनेक आठवड्यांत अलेक्सांद्रोव्स्क, हुल्यायपोले, बेर्द्यान्स्क सगळं परत हातात. त्याच वेळी देनिकिनचं सैन्य ओर्योलला पोचून मॉस्कोकडे बघत होतं. त्याच्या पिछाडीला दारूगोळ्याचे साठे आणि रेल्वे असताना तिथे आग लागली. आघाडीवरून घोडदळ काढून माख्नोवर पाठवावं लागलं. मॉस्को माख्नोने वाचवलं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण त्याच्याशिवाय देनिकिनचा पराभव सांगता येत नाही.

शेंगदाणा

+१, आणि वाखुसा (वाचनखूण साठवली). रणगाडा, सिवाशचंही लिहा ना.

रणगाडा

नोव्हेंबर १९२०. सिवाश म्हणजे क्रिमियाच्या तोंडाशी असलेली खारट, उथळ, चिखलाची खाडी. वाऱ्याने पाणी हटलं की चालत जाता येतं, वारा फिरला की बुडायचं. लाल सेनापती फ्रुंझेच्या हाताखाली ती ओलांडणाऱ्यांत सेम्यॉन करेत्निकची माख्नोवादी तुकडी होती. माख्नो स्वतः पायाच्या जखमेमुळे गावीच होता. पलीकडे युशुनच्या बाजूला पांढऱ्यांच्या बार्बोविचचं घोडदळ अंगावर आलं तेव्हा यांचे घोडेस्वार शेवटच्या क्षणी दोन्ही बाजूंना फाकले आणि मागून तचांकांची रांग उघडी पडली. पुढचं सांगायला नको.

दोनेक आठवड्यांनी करेत्निकला बैठकीला म्हणून बोलावलं, पकडलं आणि गोळी घातली.

वाटसरू

आणि हेच माझं म्हणणं आहे.

कडूनिंब

> सरकारशिवाय गावं चालवून दाखवली.

गावं, हो. शहरांचं काय?

माख्नोप्रेमी मंडळी १९१९ च्या शरदाबद्दल बोलताना पेरेगोनोव्कावर थांबतात. त्यानंतर यांच्या हातात अलेक्सांद्रोव्स्क (आजचं झापोरिझ्झिया) आणि येकातेरिनोस्लाव्ह (आजचं द्निप्रो) आली. येकातेरिनोस्लाव्ह म्हणजे लोखंड-पोलादाचं मोठं शहर. तिथे काय केलं? रेल्वे कामगारांनी विचारलं की दोन महिने पगार नाही, आता काय? उत्तर मिळालं : गाड्या तुम्ही चालवा, प्रवाशांकडून आणि माल पाठवणाऱ्यांकडून तुम्हीच पैसे घ्या. आता विचार करा. यादवी चालू आहे, अर्ध्या गाड्या फौजेसाठी फुकट धावताहेत, प्रवासी कोण? धान्य पिकवणाऱ्याला हे उत्तर पटेल, कारण त्याच्या घरात खायला आहे. फिटरच्या घरात पगार नाही तर चूल नाही.

पैशाचं तर विचारूच नका. झारचे रूबल, केरेन्स्कीचे, सोव्हिएतचे, देनिकिनचे, युक्रेनचे, सगळेच चालतील असं जाहीर केलं. देनिकिनच्या नोटांना त्याच्या पराभवानंतर कोण हात लावणार? शहरातल्या श्रीमंतांवर मोठी खंडणी बसवली, ती संपली की पुढे काय याचा पत्ता नाही.

आणि 'सभा सर्वोच्च' म्हणताना गुप्तहेर खात्याबद्दल कोणीच का बोलत नाही? डिसेंबर १९१९ मध्ये पोलोन्स्की नावाचा बोल्शेविक, यांच्याच एका पलटणीचा कमांडर, कटाच्या आरोपावरून गोळी घालून मारला. उघड खटला नाही, काही नाही. शहरातले कामगार प्रतिनिधी आणि काही अराज्यवादीसुद्धा यावर चिडले. सैन्यभरतीला 'स्वेच्छेची' म्हणायचं, पण परिषदेने ठरवलं की सगळ्यांनी यायचंच. ज्याला सरकार म्हणायचं नाही ते करतंय मात्र सगळं सरकारचंच.

मला बोल्शेविकांचा पुळका नाही. पण 'सुरा बसला नसता तर' हे वाक्य फार सोपं आहे.

शेंगदाणा

कडूनिंब नाव सार्थ केलंत.

वाटसरू

@कडूनिंब, मुद्दे रास्त, पण तोल बघा. त्याच येकातेरिनोस्लाव्हमध्ये सगळ्या समाजवादी पक्षांची वर्तमानपत्रं निघत होती, बोल्शेविकांचंसुद्धा. यादवीत दुसऱ्या कोणत्या फौजेने आपल्या ताब्यातल्या शहरात विरोधकाचं वर्तमानपत्र चालू दिलं? बंदी एकाच गोष्टीवर होती : पक्षांनी क्रांतिकारी समित्या बनवून लोकांवर हुकूम चालवायचा नाही. आणि शहर हातात राहिलं किती? काही आठवडे, तेही रोज तोफा कोसळत असताना. एवढ्यात कोणता वेतन आयोग बसणार होता?

शिवाय डिसेंबरात टायफसने निम्म्याहून जास्त फौज आडवी केली हे विसरता.

निळीशाई

मी विनिपेगला राहते. या धाग्याकडे मी जरा वेगळ्या रस्त्याने आले. इथे मेनोनाइट लोक खूप आहेत, माझ्या ऑफिसातली सगळ्यात सज्जन बाई मेनोनाइट आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिच्या घरच्यांचा इतिहास निघाला आणि 'माख्नो' म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला की मी विषय बदलला. तिची पणजी युक्रेनमधल्या होर्तित्सा वसाहतीची.

हे जर्मन बोलणारे, शस्त्र न उचलणारे ख्रिस्ती. कॅथरीन राणीच्या काळात, १७८९ पासून, द्नेपरच्या काठी वसले. मेहनती, पुढे श्रीमंत झाले, मोठी शेतं, आणि शेतांवर राबायला युक्रेनी गडी. वाटसरूंनी लिहिलंय की माख्नो लहानपणी जर्मनांच्या शेतावर राबला, ते शेत याच समाजाच्या आसपासचं. १९१८ मध्ये जर्मन फौज आली तेव्हा यांच्यातल्या काहींनी तिच्याकडून बंदुका घेऊन संरक्षण दल उभं केलं, म्हणजे स्वतःच्याच धर्माविरुद्ध गेले. शेजारच्या गावांनी ते लक्षात ठेवलं.

१९१९ च्या शरदात आयखेनफेल्ड नावाच्या एका खेड्यात एका रात्रीत ऐंशीहून अधिक माणसं मारली गेली. सोळा वर्षांवरचे पुरुष शोधून शोधून. माख्नोने हुकूम दिला का, यावर वाद आहे. घोडे आणि पलटणी त्याच्या होत्या यावर नाही. होर्तित्साच्या घराघरांत फौज मुक्कामाला राहिली आणि टायफस सोडून गेली, त्यात किती गेले ते वेगळंच. १९२३ नंतर हजारोंनी लोक कॅनडात आले, त्यातलीच माझ्या मैत्रिणीची पणजी.

'जमीनदारालाही कसता येईल तेवढी जमीन ठेवली' हे वाचून बरं वाटलं, वाटसरू. ते १९१७ चं. १९१९ मध्ये काय झालं तेही धाग्यात असू द्या.

वाटसरू

असू द्या कसलं, असायलाच हवं. धन्यवाद ताई.

एकच भर. ज्यूंच्या बाबतीत माख्नोची भूमिका बरीच स्पष्ट होती. वेर्खनी तोक्माकच्या स्टेशनवर कोणीतरी 'ज्यूंना मारा, बात्को (बाप) माख्नो चिरायू होवो' असं लिहून लावलं, तर त्या माणसाला तिथल्या तिथे गोळी. मे १९१९ मध्ये गोर्काया वसाहतीत ज्यू कुटुंबं मारली गेली, करणाऱ्या स्वतःच्या माणसांना मृत्युदंड दिला. दंगली घडवणारा अतामान (टोळीप्रमुख) ग्रिगोरिएव्ह जुलै १९१९ मध्ये यांच्याच हातून मेला, भर सभेत. मेनोनाइटांच्या बाबतीत अशी कडक शिस्त दिसत नाही. वर्गशत्रू म्हटलं की हात सैल सुटत होता.

तिरकस

म्हणजे कोणाला मारायचं याचं धोरण होतं.

निळीशाई

@तिरकस, या वेळी हलकं घेत नाही. बरोबर बोललात.

झापोरिझ्झियाकर

पहिलाच प्रतिसाद, चुकभूल द्यावीघ्यावी. मी झापोरिझ्झियाला एमबीबीएसला होतो, मूळचा लातूरचा. निळीशाई ताई म्हणतात ती होर्तित्सा वसाहत आता शहरातच आली आहे. तिथे एक सातशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा ओक आहे, नवीन आलेल्या मुलांना सीनियर तिथे फोटो काढायला नेत. आम्हाला वसाहतीबद्दल ओ की ठो माहीत नव्हतं, फोटो काढला आणि शावर्मा खायला गेलो.

हुल्यायपोले तिथून शंभरेक किलोमीटर. तिथे माख्नोचा पुतळा २००९ मध्ये बसवला. मी गेलो नाही, पण आमच्या फ्लॅटची मालकीण त्या बाजूची होती. माख्नो हिरो का, असं विचारलं तर ती म्हणायची की तिच्या पणजीला माख्नोचे, देनिकिनचे आणि लाल यांच्यातला फरक एवढाच माहीत होता की माख्नोचे लोक घोडा नेताना दमलेला घोडा बदली देऊन जायचे. बाकीचे तेही देत नव्हते.

मार्च २०२२ मध्ये मी परत आलो. हुल्यायपोले तेव्हा आघाडीवर आलं.

रणगाडा

स्वागत. हा घोड्याचा मुद्दा मी वर लिहिला तो सेनापतीच्या बाजूने, हा मालकाच्या बाजूने. माझ्या सगळ्या प्रतिसादांवर भारी.

जुनाखोड

थोडं अवांतर, पण मुंबईशी संबंध आहे म्हणून सांगतो. रशियातल्या अराज्यवाद्यांची ससेहोलपट जवळून पाहिलेला एक भारतीय होता : एम. पी. टी. आचार्य. मूळ मद्रासचा. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये होता, पुढे बर्लिन, मॉस्को, ताश्कंद. १९२० मध्ये ताश्कंदला हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांत होता, पण मानवेंद्रनाथ रॉयशी पटलं नाही आणि मॉस्कोशीही नाही. १९२२ नंतर बर्लिनमध्ये राहून अराज्यवादी पत्रांतून लिहायला लागला. माख्नोसारखीच देशोधडीला लागलेली मंडळी तेव्हा बर्लिन-पॅरिसमध्ये होती, त्याच वर्तुळात हा वावरला. १९३५ मध्ये मुंबईला आला आणि १९५४ मध्ये मुंबईतच गरिबीत गेला. बायको माग्दा नाखमन, रशियन चित्रकार, तीही मुंबईतच १९५१ मध्ये वारली. आपल्याकडच्या डाव्यांनी याला कधी आपला म्हटलं नाही आणि उजव्यांना तो नकोच होता.

शेंगदाणा

काका, इंडिया हाऊस म्हणजे सावरकरांच्या बरोबर?

जुनाखोड

हो, त्याच काळात, १९०९ च्या सुमारास.

लखोटा

वा! म्हणजे सावरकरांचा सहकारी पुढे अराज्यवादी झाला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की

व्यवस्थापन

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे पुढचे १४ प्रतिसाद उडवले आहेत. सावरकरांसाठी चालू धागे आहेत, तिकडे जावे. इथे युक्रेन.

पॉपकॉर्नवाला

मी नेमका चहा करायला गेलो होतो.

बांधावरून

सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. मी इतिहासाचा माणूस नाही, शेती करतो, उमरगा तालुका. पण मूळ प्रश्न बाजूला पडलाय. वाटसरू म्हणतात दगा, कडूनिंब म्हणतात शहरं. मला दोन्ही पुरेसं वाटत नाही.

दगा नोव्हेंबर १९२० मध्ये झाला ना? मग माख्नो पुढे नऊ महिने कसा टिकला? २८ ऑगस्ट १९२१ ला त्याने द्नेस्तर ओलांडून रोमानियात पाऊल ठेवलं, सोबत ७७ माणसं. या नऊ महिन्यांत लाल सैन्याला पांढऱ्यांची चिंता उरली नव्हती, सगळी ताकद यांच्यामागे होती. तरी पहिले काही महिने हा युक्रेनभर फिरतोय, गावं लपवताहेत, घोडे देताहेत. आणि उन्हाळ्यापर्यंत देईनाशी होतात. मधे झालं काय?

झालं हे. मार्च १९२१ मध्ये लेनिनच्या पक्षाने धान्यजप्ती बंद केली आणि ठरावीक धान्यकर आणला. जप्ती म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. पथक येतं आणि 'जास्तीचं' धान्य घेऊन जातं. जास्तीचं किती हे पथक ठरवतं. गावातल्याच गरिबांची समिती बनवून तिलाच कोणाच्या घरात काय लपलंय ते शोधायला लावतं, त्याबदल्यात तिला वाटा. अशा वेळी शेतकरी एकच करतो, स्वतःपुरतं पेरतो आणि बाकी रान पडीक ठेवतो. किती द्यायचं ते पेरणीआधी कळलं आणि उरलेलं आपल्याला विकता येईल असं समजलं की तोच माणूस घरातलं बी बाहेर काढतो. मार्च म्हणजे तिकडे पेरणीच्या तोंडाशी. त्याच वसंतात शरण येणाऱ्या बंडखोरांना माफी जाहीर झाली. घरी जमीन आहे, ती तर १९१७ पासून हातात आहेच. कर किती ते माहीत आहे. माफी आहे. मग तचांकेवर बसून मरायचं कशासाठी?

त्यात त्या वर्षी पाऊस गेला. दक्षिण युक्रेनमध्ये १९२१-२२ चा दुष्काळ पडला, लोक गवत खाऊन मेले. दाणा नाही तिथे फौजेच्या घोड्याला ओट कोण घालणार?

आणखी एक. हुल्यायपोलेच्या आसपास सामूहिक वसाहती काढल्या, त्यांचं कौतुक सगळे करतात. पोक्रोव्स्केजवळच्या रोझा लक्झेंबर्ग वसाहतीत तीनशेच्या आसपास लोक होते, जून १९१९ मध्ये बोल्शेविकांनी ती मोडली. पण अशा वसाहती किती? हाताच्या बोटांवर. बाकी लाखो शेतकऱ्यांना स्वतःचा तुकडा हवा होता आणि कोणी अंगावर येऊ नये एवढंच हवं होतं. त्यांनी माख्नोला अराज्यवाद पटला म्हणून पाठिंबा दिला नाही. तो जमीनदार परत येऊ देत नव्हता आणि धान्य नेणाऱ्यांना पळवून लावत होता म्हणून दिला. ही दोन्ही कामं दुसऱ्या कोणी केली, अर्धवट का होईना, की त्याची गरज संपली.

कडूनिंब

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. माझे मुद्दे मागे ठेवतो असं नाही, पण हा त्यांच्या आधी यायला हवा होता.

शेंगदाणा

दंडवत भाऊ. इतिहासाचा माणूस नाही म्हणे!

वाटसरू

@बांधावरून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी एका ठिकाणी अडतो. तो कर आणायला लेनिनला कोणी भाग पाडलं? १९२१ च्या मार्चपर्यंत रशियातल्या तांबोव्हमध्ये बंडखोर अंतोनोव्हचे हजारो शेतकरी हत्यार घेऊन उभे होते, पश्चिम सैबेरियात उठाव पेटला होता, क्रोन्श्टाटच्या नाविक तळावरच्या खलाशांनी, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्याच पोरांनी, बंड पुकारलं होतं. आणि युक्रेनमध्ये माख्नो. त्याच मार्चमध्ये पक्षाची दहावी परिषद. जप्ती सौजन्याने थांबली नाही. म्हणजे तुमच्या हिशोबानेच माख्नोची गरज संपली ती त्याने, आणि त्याच्यासारख्यांनी, काम पुरं केल्यामुळे.

दग्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे. नोव्हेंबर १९२० मध्ये करेत्निकची फौज क्रिमियात कापली नसती तर मार्चमध्ये वाटाघाटीला बसायला कोणीतरी शिल्लक असतं. ऑक्टोबरच्या करारातलं चौथं कलम, हुल्यायपोले परिसराला स्वतःचा कारभार स्वतः करू द्यावा हे, बोल्शेविकांनी मान्य करायचं टाळत ठेवलं होतं. ते कलम हाच सगळा वाद होता.

बांधावरून

गावाला कारभार आणि मॉस्कोला कर? ते चाललं असतं असं तुम्हाला खरंच वाटतं? आठ वर्षांनी सामुदायिक शेतीच्या नावाखाली त्याच गावांतून काय काय नेलं ते बघा. १९३२-३३ मध्ये तर बी-बियाणंसुद्धा. तेव्हा मात्र माख्नो पॅरिसमध्ये खोकत होता आणि गावात बंदुका उरल्या नव्हत्या.

वाटसरू

नाही, फार काळ चाललं नसतं. पण १९२० साली ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यांनी करारावर सही केली त्यांना ते शक्य वाटलं होतं.

कडूनिंब

त्यांना. सही करणाऱ्या दुसऱ्या बाजूला नाही.

निळीशाई

पुढे या लोकांचं काय झालं? बायको होती ना त्याची?

वाटसरू

हलिना कुझमेन्को, शिक्षिका. माख्नो रोमानिया, पोलंड, डान्झिग करत १९२५ मध्ये पॅरिसला पोचला. वॉर्सात त्याच्यावर खटला चालला, १९२३ मध्ये निर्दोष सुटला. पॅरिसमध्ये कारखान्यात मजुरी केली, नाटकाच्या थिएटरात सुतारकामही. तिथेच १९२६ मध्ये अर्शिनोव्ह वगैरेंबरोबर अराज्यवाद्यांना शिस्तबद्ध संघटना हवी असा मसुदा काढला, त्यावर जुन्या मित्रांनीच याला बोल्शेविक ठरवलं. २५ जुलै १९३४ ला क्षयाने गेला. रक्षा पेर लाशेझ स्मशानात भिंतीतल्या कोनाड्यात आहे.

हलिना आणि मुलगी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत मजुरीला नेल्या गेल्या. युद्ध संपल्यावर सोव्हिएतांनी पकडलं, हलिनाला आठ वर्षांची छावणी. पुढे दोघी कझाकस्तानात झांबुलला राहिल्या, हलिना १९७८ पर्यंत जगली. अर्शिनोव्ह तिशीच्या दशकात रशियात परत गेला, पुढे मारला गेला. चीफ ऑफ स्टाफ बिलाशलाही पुढे सोव्हिएतांनीच गोळी घातली.

आणि गंमत ऐका. गुप्तहेर खात्याचा तो कुप्रसिद्ध लेव्ह झादोव्ह, तो १९२४ मध्ये सोव्हिएत हद्दीत परतला आणि त्यांच्याच गुप्त पोलिसांत नोकरीला लागला. १९३८ मध्ये त्यालाही गोळी घातली.

तिरकस

अनुभव प्रमाणपत्र कामी आलं म्हणायचं.

झापोरिझ्झियाकर

तांबोव्हवर कोणी वेगळा धागा काढेल का? अंतोनोव्हचं नाव तिकडे ऐकलं होतं, त्यापलीकडे काही नाही.

रणगाडा

काढतो, पण दिवाळीनंतर. तिथे विषारी वायूपण येणार आहे, फराळाबरोबर नको.

बांधावरून

काढा तेव्हा धान्याचे आकडे टाका राव. घोडदळाचे तुम्ही टाकालच.